वाचकांचे प्रश्न : ‘कसं कळलं तुला?’

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची, पहिलीत आहे. दिवसभर ‘का, का’ करते. पण आम्ही तिला काही विचारलं की लगेच ‘माहीत नाही’. तिला स्वतः विचार करायची सवय कशी लावावी? (एक आई, फोंडा)

उत्तर : प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती वेळ गप्प राहता, ते आधी मोजा. अमेरिकेतल्या शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गातली बोलणी रेकॉर्ड करून तपासली. शिक्षक साधारण एक सेकंदच थांबत होते. हाच वेळ तीन सेकंदांवर नेला तेव्हा मुलांची उत्तरं लांबली आणि न बोलणारी मुलं कमी झाली. मनात सावकाश पाचपर्यंत अंक म्हणा. उत्तर आल्यावरही तेवढंच थांबा. लगेच ‘शाब्बास’ म्हटलं की विषय तिथेच संपतो.

दुसरं, ‘का?’ हा शब्द लहान मुलाला जाब विचारल्यासारखा लागतो. त्याऐवजी ‘कसं कळलं तुला?’ विचारा. मग ती आपण काय पाहिलं ते सांगू लागते, आणि आपल्याला तेच हवं आहे.

आता हाताला काम द्या. बादलीत पाऊण पाणी घ्या. बाजूला न सोललेला नारळ, बारीक खडा, चिंचोका, संत्रं, स्टीलचा चमचा आणि स्टीलची वाटी ठेवा. पाण्यात काही टाकण्याआधी तिला दोन ढीग करू द्या, बुडणारे आणि तरंगणारे, आणि प्रत्येकाचं कारण बोलू द्या. बहुतेक मुलं म्हणतात, ‘जड ते बुडतं.’ मग आधी खडा टाका, नंतर नारळ. एवढासा खडा तळाला जातो आणि दोन हातांनी उचलावा लागणारा नारळ वर डुलत राहतो. इथे तुम्ही काही बोलू नका. सोडणाच्या (नारळाच्या वरच्या जाड सालीच्या) काथ्यात अडकलेल्या हवेची गोष्ट उद्या सांगितली तरी चालेल. कदाचित ती म्हणेल, ‘झाडाचं आहे म्हणून तरंगतं.’ हे चूक आहे असं सांगू नका, चिंचोका पुढे करा. तोही झाडाचाच, पण बुडतो. संत्रं सालीसकट टाका, मग सोलून टाका. वाटी अलगद ठेवली तर तरंगते, कलंडून पाणी आत गेलं की बुडते. म्हणजे नुसतं स्टील आहे म्हणून बुडत नाही, हे तिला दिसतं. पुढे रायबंदरहून चोडणला जाताना फेरीबोटीत विचारा, ‘एवढं लोखंड, वर गाड्या, तरी तरंगतं कसं?’

हा खेळ बिघडतो तो मोठ्यांच्या चेहऱ्यामुळे. मूल पाण्याकडे न बघता तुमच्या भुवयांकडे बघतं. तुम्हीही बादलीतच बघा.

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा. सासूबाई म्हणाल्या, मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की पाऊस येतो. हा म्हणाला, ‘कशावरून?’ त्यांना तो उद्धटपणा वाटला. काय करावं? (डिचोली)

उत्तर : प्रश्न चांगला आहे, फक्त विचारण्याची रीत शिकवायला हवी. ‘आजी, हे तुम्हाला कुणी सांगितलं? आपण दोघं बघू या का?’ असं म्हटलं की आजीही त्याच्या बाजूला येऊन बसतात. त्यांनी वर्षानुवर्षं अंगण पाहिलेलं असतं. त्या पाहण्याला मान देऊनही ते तपासता येतं.

चार वाट्या घ्या. मुंग्या निघाल्या आणि पाऊस आला, ही पहिली. मुंग्या निघाल्या, पाऊस नाही, ही दुसरी. मुंग्या नाहीत तरी पाऊस, तिसरी. दोन्ही नाही, चौथी. रोज संध्याकाळी आजी आणि नातू मिळून एक चिंचोका योग्य वाटीत टाकतील. आपण मोठेसुद्धा पहिलीच वाटी लक्षात ठेवतो, बाकीच्या तीन विसरतो. गैरसमज बहुतेक इथेच तयार होतात, म्हणून चारही वाट्या डोळ्यांसमोर राहू द्या.

हे जून-जुलैत मात्र करू नका. तेव्हा गोव्यात जवळजवळ रोजच पाऊस असतो, त्यामुळे कुठलीही खूण खरी ठरते. ऑक्टोबर बरा, अधूनमधून सर येते. निदान तीस चिंचोके होईपर्यंत निकाल लावू नका. आठवड्यातच ‘बघ, आजी चुकली’ असं त्याने म्हटलं, तर सात चिंचोके पुरतात का, एवढंच विचारा.

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलाला कितीदा समजावलं, तरी उंच ग्लासात पाणी जास्त आहे म्हणतो. काही कमी आहे का त्याच्यात? (एक वडील, म्हापसा)

उत्तर : काही कमी नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी दाखवलं की साधारण सात वर्षांपर्यंत बहुतेक मुलं असंच उत्तर देतात. समजावणं थांबवा, ओतायला द्या. २०० मिली पाणी पसरट वाटीतून उंच ग्लासात, पुन्हा वाटीत, त्याच्याच हाताने. एक काळजी घ्या. तोच प्रश्न लागोपाठ दोनदा विचारला की मुलाला वाटतं आपलं पहिलं उत्तर चुकलं, आणि ते बदलतं. एकदाच विचारा.

प्रश्न : बाजारात ‘लॉजिकल थिंकिंग’च्या कार्यपुस्तिका मिळतात. घ्याव्यात का? मुलगी सात वर्षांची. (वास्को)

उत्तर : घेतल्या तर बिघडत नाही, पण त्यात बरोबर उत्तर आधीच छापलेलं असतं आणि मुलं ते हुडकायला शिकतात. त्यापेक्षा चवथीला माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाभाज्यांचं) सामान आलं की त्यातल्या आठ वस्तू ताटात मांडा. नारळ, तोरंजन (पपनस), चिबूड, दोडकं, काकडी, केळं, सुपारी, कांगलां (एका रानवेलीची फळं). तुम्ही मनात एक धरा, तिने ‘हो-नाही’चे प्रश्न विचारून ओळखायचं. या वयात मुलं थेट ‘चिबूड का?’ विचारतात, नशीब असेल तर जिंकतात. तुमची पाळी आली की ‘वेलीवर येतं का?’ असा प्रश्न करा, आणि उत्तर ‘नाही’ आलं तर दोडकं, काकडी, चिबूड, कांगलां तिच्यासमोर ताटातून उचलून बाजूला ठेवा. प्रत्येक प्रश्नाने ताट निम्मं होत गेलं तर आठ वस्तूंना तीन प्रश्न पुरतात. हे सांगू नका. तिचे किती प्रश्न झाले, तुमचे किती, एवढंच खडूने जमिनीवर लिहीत चला. वेल आणि झाड यांवरून वाद झाला तर होऊ द्या, परसात जाऊन दोघी बघून या.