हद्दवाढीत गाव जाणार? आधी हे करा

प्रश्न : आमचं गाव नगरपरिषदेच्या हद्दीला लागून आहे. ते आता शहरात घेणार म्हणतात. ग्रामसभेनं विरोधाचा ठराव केला. तेवढ्यानं थांबेल का?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ठराव हवाच, पण तो शासनावर बंधनकारक नाही. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमानुसार आधी प्रारूप उद्घोषणा राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रात येते. त्यानंतर हरकतींसाठी किमान 30 दिवस मिळतात. खरी लढाई या 30 दिवसांत असते. हरकत लेखी, कारणांसह आणि जिल्हाधिकाऱ्यांकडेच द्यायची. बरेच जण ती नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांकडे देऊन मोकळे होतात आणि मुदत निघून जाते. आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

एकाच छापील मजकुरावर पाचशे सह्या घेण्यापेक्षा आकडे द्या : किती कुटुंबं शेती-मजुरीवर जगतात, शहराची शेवटची वस्ती गावठाणापासून किती लांब आहे. बिगरशेती रोजगाराचं प्रमाण हा कायद्यातलाच निकष आहे, म्हणून या मुद्द्याला वजन येतं. गाव अनुसूचित क्षेत्रात असेल, तर राज्यघटनेचा अनुच्छेद 243 झेडसी (नगरपालिकांचा भाग अनुसूचित क्षेत्राला लागू नाही, असं सांगणारा) सगळ्यात वर लिहा.

सातबारा तलाठ्याकडेच राहतो, त्याची चिंता नको. नुकसान दुसरीकडे होतं. रोजगार हमी ग्रामीण भागापुरती आहे. गाव शहरात गेलं की मजुरांची कामं आणि पांधण रस्ते त्यातून मिळणं बंद होतं. 2013 च्या भूसंपादन कायद्यात ग्रामीण जमिनीच्या बाजारभावाला 1 ते 2 गुणक आहे, शहरी जमिनीला फक्त 1. लहान शेतकऱ्याला हा फरक फार जड जातो, आणि गावच्या बैठकीत त्यावर कुणी बोलतच नाही.

आणखी एक काम आजच करा. ग्रामपंचायतीतून आपल्या घराचा नमुना 8 चा (घरपट्टी आकारणीच्या नोंदीचा) प्रमाणित उतारा काढा. वारलेल्या वडिलांचंच नाव असेल, किंवा मातीच्या घराच्या जागी स्लॅबचं घर होऊनही नोंद जुनीच असेल, तर आधी दुरुस्त करून घ्या. दप्तर हलताना पानं गहाळ होतात. मग कर आकारणीच्या वेळी घर कधीपासूनचं आणि कुणाचं, हे सिद्ध करत बसावं लागतं.

प्रश्न : एकदा शहरात गेलेलं गाव परत बाहेर निघतं का?

उत्तर : निघतं, पण सोपं नाही. कल्याण-डोंबिवलीतून 27 गावं 2002 मध्ये वगळली, 2015 मध्ये परत घेतली. 2020 मध्ये त्यांतली 18 पुन्हा वगळली, तेव्हा महापालिकेशी सल्लामसलत झाली नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयानं त्याच वर्षी तो निर्णय रद्द केला.