दोन पॉलिस्या, एक बिल आणि फॉर्मवरचं ‘नाही’

प्रश्न : बाबा ७२ वर्षांचे. अँजिओप्लास्टी झाली, बिल ४ लाख २० हजार. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत त्यांना ३ लाखांचं कव्हर आहे, पण टीपीएने (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेने) १ लाख ९८ हजारच दिले, उरलेले मी भरले. घरी येऊन पाहतो तर बिलात स्टेंट दोन, डिस्चार्ज कार्डावर एक. भांडू कुणाशी? की उरलेले पैसे बाबांच्या वेगळ्या ५ लाखांच्या पॉलिसीतून घेऊ? ती १४ महिन्यांपूर्वी काढली. बाबांना १२ वर्षं डायबेटिस आहे, पण एजंट म्हणाला, फॉर्मवर लिहू नका, पाच वर्षांनी कुणी विचारत नाही. दिवाळीनंतर नोकरी सोडायचा विचार आहे.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : भांडणं दोन आहेत आणि आधी हॉस्पिटलचं मिटवायचं. न बसवलेल्या स्टेंटचे पैसे विमा कंपनीकडे मागायला गेलात तर उद्या खोटा क्लेम तुमच्या नावावर लागेल.

केसपेपरची प्रत लेखी मागा. ७२ तासांत देणं बंधनकारक आहे. त्यात कॅथलॅबचा (जिथे अँजिओप्लास्टी होते तो विभाग) रिपोर्ट आणि स्टेंटचं स्टिकर बघा. प्रत्येक स्टेंटचं स्टिकर वेगळं असतं, त्यावर बॅच नंबर असतो. स्टिकर एकच निघालं तर ३८ हजार परत. शिवाय फाइल चार्जेस, अॅडमिशन किट, एसी, पल्स ऑक्सिमीटर, डिस्चार्ज प्रोसिजर असे मिळून ९ हजार लावलेत. विमा नियमांच्या यादीप्रमाणे हे सगळं खोलीभाड्यातच धरायचं असतं. म्हणजे हॉस्पिटलकडून साधारण ४७ हजारांची मागणी. बिलिंग काउंटरवर हुज्जत घालू नका. वैद्यकीय अधीक्षकांना पत्र द्या आणि पोच घ्या. दाद मिळाली नाही तर महापालिकेच्या आरोग्य विभागात तक्रार करा.

आता टीपीए. खोली ६ हजारांची, पॉलिसीची मर्यादा ३ हजारांची. त्यांनी २४ हजार ‘देय नाही’ म्हणून काढले आणि राहिलेल्या ३ लाख ९६ हजारांवर सरसकट निम्मी कात्री चालवली. हे चूक आहे. प्रपोर्शनेट डिडक्शन, म्हणजे खोली मर्यादेपेक्षा महाग घेतली की त्याच प्रमाणात होणारी कपात, औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयू यांना लागत नाही. ते डॉक्टर, कॅथलॅब, नर्सिंग अशा खोलीच्या दर्जानुसार बदलणाऱ्या खर्चालाच लागतं. तुमच्या बिलात हा खर्च १ लाख ८० हजार, त्याचे निम्मे ९०. त्यात खोलीचे १२, आयसीयूचे २४, एका स्टेंटचे ३८, तपासण्यांचे ३४ आणि औषधांचे ५८ मिळवा. झाले २ लाख ५६ हजार. मिळाले १ लाख ९८. ५८ हजार येणं आहे. तक्रार टीपीएकडे नको, विमा कंपनीच्या तक्रार कक्षाकडे करा, एचआरला प्रत द्या. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही, मुदत एक वर्षाची.

खिशातून गेलेल्या २ लाख २२ हजारांपैकी अशी ४७ आणि ५८ मिळून १ लाख ५ हजारांची वसुली शक्य आहे. राहतात १ लाख १७ हजार. एरवी मी म्हटलं असतं, पहिल्या कंपनीचं सेटलमेंट लेटर जोडून दुसऱ्या पॉलिसीत बाकीचा क्लेम टाका, नियमात बसतं. पण तुम्ही मात्र टाकू नका.

डिस्चार्ज कार्डाची पहिली ओळ वाचा : ‘के/सी/ओ डायबेटिस, १२ वर्षं’, म्हणजे आजार आधीपासूनचा. तुमच्या फॉर्मवर त्याच प्रश्नापुढे ‘नाही’ आहे. १४ महिन्यांच्या पॉलिसीत जुना आजार आणि त्याची गुंतागुंत वेटिंग पिरियडमध्येच (कव्हर न मिळण्याच्या सुरुवातीच्या काळात) येते, त्यामुळे क्लेम तसाही फेटाळला जाईल. वर खोटी माहिती दिली म्हणून पॉलिसीही जाईल. एजंटची ‘पाच वर्षं’ म्हणजे ६० महिन्यांचा मोरॅटोरियम, ज्यानंतर कंपनीला लपवलेल्या माहितीवरून क्लेम नाकारता येत नाही. त्यातून फसवणूक सुटत नाही, आणि जाणूनबुजून लपवलेला आजार फसवणूकच ठरू शकतो. त्याचं कमिशन पहिल्याच वर्षी आलं, धोका मात्र बाबांच्या उशाशी. विमा कंपनीला याच आठवड्यात लेखी कळवा. लोडिंग (जादा प्रीमियम) लावतील, वेटिंग पिरियड नव्याने सुरू करतील किंवा पॉलिसी रद्द करतील. काय ते आत्ता कळलेलं बरं.

रद्द झालीच तर ७२ व्या वर्षी, नुकत्याच अँजिओप्लास्टीनंतर नवी पॉलिसी कोण देणार? म्हणून राजीनाम्याआधी ग्रुप पॉलिसीच्याच विमा कंपनीकडे बाबांसाठी वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशनचा, म्हणजे ग्रुपमधून तिकडे जाण्याचा, अर्ज करा. ग्रुपमध्ये काढलेली वर्षं वेटिंग पिरियडमधून वजा होतात. स्वीकारायचं की नाही ते कंपनी ठरवते, त्यामुळे होकार हातात पडेपर्यंत नोकरी सोडू नका. या अर्जात डायबेटिस आणि स्टेंट दोन्ही लिहा.

आणि तुम्ही ज्याचा उल्लेखही केला नाहीत ते : ७० पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांचं कव्हर आहे. उत्पन्नाची अट नाही, खासगी पॉलिसी असली तरी चालते. योजनेतल्या हॉस्पिटलात बाबांची अँजिओप्लास्टी कॅशलेस होऊ शकली असती. आधी पैसे भरून मागून परतावा मात्र मिळत नाही, त्यामुळे या बिलासाठी आता उपयोग नाही. आधार आणि मोबाइल घेऊन आयुष्मान अॅपवर कार्ड काढा. आईचं वय तुम्ही कळवलं नाहीत. सत्तरीच्या आत असतील तर त्यांच्यासाठी रेशनकार्डावर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना बघा. चौकशीचा नंबर १५५३८८.