रोज खानापूर–बेळगाव ये-जा आहे. एसी बंद ठेवून काचा उघडल्या तर पेट्रोल खरंच वाचतं का?

वाचतं. पण काच उघडल्यामुळे नव्हे, एसी बंद केल्यामुळे वाचतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि सगळा घोळ तिथंच होतो.

तुम्ही लिहिलंय की १२०० सीसीची पेट्रोल गाडी आहे, सकाळी साडेआठला खानापूर सोडता, संध्याकाळी सहाला परत निघता, आणि ऑफिसातले लोक सांगतात की ताशी ८० किलोमीटरच्या वर एसी स्वस्त, ८० च्या खाली काच स्वस्त. हा ८० चा आकडा मी रोज ऐकतो, कारण गाड्यांच्या एसीचं काम हाच माझा धंदा आहे. आणि आमच्या दाजींचं मत तर याच्याही पुढचं. प्रत्येक लग्नात, प्रत्येक जत्रेच्या जेवणात चार माणसांसमोर सांगतात, "एसी लावला की ॲव्हरेज पाचनं पडतंय, मी स्वतः मोजून बघितलोय की!" म्हणून हे उत्तर जरा लांबणार.

आधी हिशेब. एसी तासावर पेट्रोल खातो, उघडी काच वेगावर खाते. छोट्या गाडीचा कंप्रेसर, म्हणजे एसीचा गॅस दाबणारा, इंजिनावर चालणारा पंप, कडक उन्हात पूर्ण जोरावर असताना इंजिनाकडून ३ किलोवॉटच्या आसपास ताकद ओढतो. आतली हवा गार झाली की मधून मधून सुटतो, म्हणजे इंजिनापासून वेगळा होऊन थांबतो, मग सरासरी एक-दीड किलोवॉटवर येते. एक लिटर पेट्रोल जाळून इंजिनाच्या शाफ्टवर जेमतेम सव्वादोन युनिट (किलोवॉट-तास) काम मिळतं, बाकी सगळी उष्णता रेडिएटर आणि सायलेन्सरमधून जाते. म्हणजे एसीचा खर्च तासाला अर्धा-पाऊण लिटर. गाडी ८० नं पळो की टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर उभी असो, हा मीटर चालूच.

काचेचं तसं नाही. वारा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते. वेग दुप्पट, तर ताकद आठपट. छोट्या हॅचबॅकला ४० च्या वेगाला त्यासाठी अर्धा किलोवॉट लागतो, ८० ला चारच्या वर, १०० ला आठ. पुढच्या दोन काचा अर्ध्या खाली केल्या तर वाऱ्याचा अडथळा दहा टक्क्यांच्या आसपास वाढतो. चारही पूर्ण खाली सोडल्या तर वीसपर्यंत जातो. सेडानला जास्त फटका बसतो, उंच डब्यासारख्या गाडीला कमी, कारण तिचा अडथळा मुळातच मोठा असतो. आता दहा टक्के धरून बघा. ४० ला उघड्या काचांचा बोजा ५० वॉट, म्हणजे घरातल्या पंख्यापेक्षा कमी. ८० ला ४०० वॉट. १०० ला ८००. एसीच्या दीड किलोवॉटला गाठायला १२० चा वेग लागतो. चारही काचा खाली असतील तर १०० ला बरोबरी होते. उलट संध्याकाळची गार हवा असेल, कंप्रेसर निम्मा वेळ सुटलेला असेल, तर तीच बरोबरी ८०-९० ला येते. ८० चा आकडा कुठल्या तरी एका गाडीचा, कुठल्या तरी एका हवेतला खरा असेल. तो सगळ्यांच्या गाडीला चिकटवणं चूक आहे.

आता दाजींचं मोजमाप. सकाळी सहाला बेळगावजवळच्या काकतीत टाकी फुल्ल केली, पुढच्या काचा अर्ध्या खाली, एकटेच, थेट कोल्हापूर. तिथल्या पंपावर परत फुल्ल. ॲव्हरेज २२. दुपारी दोनला तिथून निघाले, एसी चालू, मागं तिघं पाहुणे, काकतीला येऊन टाकी फुल्ल. ॲव्हरेज १७. झाला निकाल!

बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, कोल्हापूर त्याच्या जवळजवळ दोनशे मीटर खाली. माणसांसकट ११०० किलोची गाडी दोनशे मीटर वर चढवायला लागणारं जादा काम म्हणजे पाव लिटर पेट्रोल. जाताना ते वाचतं, येताना मोजावं लागतं. एकशेदहा किलोमीटरला साडेपाच लिटर धरलं तर जाताना सव्वापाच लागतं आणि येताना पावणेसहा. म्हणजे २१ आणि १९. एसीच्या बटणाला हात न लावता दोन किलोमीटरचा फरक इथंच पडला. वर तीन माणसं जादा, संकेश्वरच्या आसपास उसाच्या ट्रॉल्यांमागं ब्रेक आणि दुसरा गिअर, आणि टाकी भरली दोन वेगळ्या पंपांवर. एवढं सगळं एकट्या एसीच्या नावावर जमा.

मोजायचं असेल तर असं मोजा. ज्या पंपावर सुरुवात त्याच पंपावर शेवट, शक्यतो तेच मशीन, गाडी त्याच बाजूला तोंड करून उभी. नोझल पहिल्यांदा 'टक' करून सुटलं की बंद. 'साहेब, राउंड फिगर करू?' याला नाही म्हणायचं, कारण टाकीच्या गळ्यात त्या नादात अर्धा लिटर सहज बसतं. टायर थंड असताना हवा. इंजिन गरम झाल्यावर टाकी भरा, थंड इंजिनावर नको. जाऊन-येऊनच मोजा, म्हणजे चढ-उतार फिटतात. आणि शंभर किलोमीटरच्या आतलं मोजमाप धरू नका, नोझलची चूकच तेवढी असते.

मग मी असंच मोजलं: दाजींचीच गाडी घेऊन एप्रिलमधले चार रविवार, सकाळी अकराला, काकती ते निपाणी आणि परत, तवंदी घाटासकट सुमारे १३० किलोमीटर, काटा ८० वर, तीच दोन माणसं. काचा बंद, एसी बंद, नुसता ब्लोअर: ६.३ लिटर. पुढच्या काचा अर्ध्या खाली: ६.५. हा फरक नोझलच्या चुकीत बुडून जातो, त्यावर मी काही बोलणार नाही. एसी चालू: ७.६. म्हणजे २०.६ वरून १७.१, साडेतीननं खाली. इथं दाजी खूश झाले.

पण साडेतीन हा आकडा निरोगी एसीचा नव्हे. त्या फेरीत एक गोष्ट कानाला खटकली होती: कंप्रेसरचा क्लच, म्हणजे त्याला इंजिनाशी जोडणारा-सोडवणारा भाग, सुटतच नव्हता. चांगला एसी आतली हवा गार झाली की 'टक' करून सुटतो, थोड्या वेळानं परत लागतो; इंजिनाचा आवाज हलका-जड होतो ते पायालाही कळतं. ही गाडी निपाणीपर्यंत एकसारखी जड. डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत थर्मामीटर ठेवला तर १४ अंश. यायला पाहिजेत ६ ते १०. गेज लावलं तर हाय साइड, म्हणजे कंप्रेसरनं दाबलेल्या गॅसचा दाब, ३०० पीएसआयच्या वर. पस्तीस अंशाच्या हवेत ते २०० ते २५० मध्ये पाहिजे.

पुढची ग्रिल काढून टॉर्च मारला तेव्हा कारण दिसलं. कंडेन्सरच्या, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या, पत्र्यांमध्ये पाचटाचे बारीक तुसासारखे तुकडे उभे अडकलेले, त्यावर लाल माती बसून वाळलेली, खालच्या तिसऱ्या भागातून उजेडच पार होत नव्हता. आपल्या भागात हे होतंच. निपाणी, संकेश्वर, चिकोडी या बाजूला हंगामात ट्रॉलीच्या मागं गाडी चालवली की उडालेलं पाचट थेट कंडेन्सरवर येतं. वारा पार झाला नाही की गॅसची उष्णता बाहेर पडत नाही, दाब चढतो, आणि त्या दाबाविरुद्ध ढकलायला कंप्रेसर जादा पेट्रोल खातो. गारवा कमी आणि खर्च जास्त, दोन्ही एकदम.

भर म्हणून त्यात गॅसही जादा होता. आदल्या वर्षी कुठं तरी 'गार होत नाही' म्हणून वरून गॅस मारून घेतलेला. गॅस अंदाजानं भरायची वस्तू नाही. बॉनेटखाली स्टिकर असतं, त्यावर ग्रॅममध्ये आकडा असतो. छोट्या गाडीला बहुधा ३५० ते ४५०. जुना गॅस काढा, अर्धा तास व्हॅक्यूम मारा, मग वजनकाट्यावर तेवढाच भरा. हातानं पाइपला गार लागतंय म्हणून अजून थोडा सोडणारा मिस्त्री तुमचं पेट्रोल जाळतोय, मग तो ओळखीचा असो नाहीतर नात्यातला.

कंडेन्सर धुताना प्रेशर वॉशरची धार जवळून मारू नका, पत्रे कागदासारखे दुमडतात. साधी पाण्याची नळी, इंजिनाच्या बाजूनं पुढं पाणी ढकलायचं, मऊ ब्रश वरून खाली, आडवा नाही. रेडिएटर आणि कंडेन्सरच्या मधल्या फटीतही पाचट असतं, ते बघितल्याशिवाय सोडू नका. केबिन फिल्टर बदला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागं असतो. एवढं करून चौथ्या रविवारी तीच फेरी: ७.१ लिटर. ॲव्हरेज १८.३. म्हणजे निरोगी एसीचा खर्च सव्वादोन किलोमीटर, पाच नाही. साडेतीनमधला बाकीचा पाचटाचा आणि जादा गॅसचा. दाजी हे अजून मान्य करत नाहीत. "तू धुतलास म्हणून कमी झालं" म्हणतात. अहो दाजी, मीही तेच म्हणतोय की!

तुमच्याकडे येतो. खानापूर–बेळगाव २६ किलोमीटर, पिरनवाडीपासून पुढची गर्दी धरून पाऊण तास. एसी दोन्ही वेळा लावलात तर दिवसाला पाऊण लिटर, म्हणजे सत्तर-ऐंशी रुपये. तुमच्या ५०-६० च्या वेगाला काचा उघड्या ठेवल्यानं जाणारं पेट्रोल एका फेरीला तीसेक मिली, चहाच्या कपात मावेल एवढं. तेव्हा काचेची काळजी सोडा. पण सकाळी साडेआठला आपल्या हवेत एसी लागतोच कशाला? काचा बंद, ब्लोअर दोनवर, बाहेरची हवा आत घेणारी खटकी, एसीचं बटण बंद. धूळ नाही, आवाज नाही, वाऱ्याचा अडथळाही नाही. ती खटकी वर्षानुवर्षं आतली हवा फिरवण्यावर अडकून असते, म्हणून लोकांना घुसमटतं आणि ते एसी लावतात. एसी लावल्यावर मात्र उलट करा: आतलीच हवा फिरवा. एकदा गार केलेली हवा परत गार करायला कमी कष्ट पडतात.

दुपारी उन्हात उभी केलेली गाडी असेल तर पहिले एक-दोन मिनिटं काचा पूर्ण खाली घेऊन चालवा, ती भट्टीची हवा जाऊ द्या, मग काचा वर आणि एसी. गाडी जागेवर उभी ठेवून एसीनं गार करत बसू नका. रेल्वे गेटवर उभ्या गाडीचं इंजिन तासाला पाऊण लिटरच्या आसपास पितं, एसीसकट सव्वा. दहा मिनिटांच्या गेटला दोनशे मिली. गेट पडलं की इंजिन बंद.

साध्या नॉबच्या गाडीत तापमानाचा नॉब मध्यावर आणून पेट्रोल वाचत नाही. कंप्रेसर तेवढाच चालतो, वरून हीटरची गरम हवा मिसळली जाते. वाचवायचं असेल तर नॉब पूर्ण गारवर आणि ब्लोअर कमी. हवा कमी गेली की हवा गार करणारी आतली कॉइल लवकर गार होते आणि क्लच लवकर सुटतो. ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलवाल्या बऱ्याच गाड्यांत आणि कमी-जास्त होणारा कंप्रेसर असलेल्यांत हे लागू नाही, तिथं २४-२५ वर ठेवणं फायद्याचं. कमी-जास्त होणाऱ्या कंप्रेसरात क्लचची 'टक'ही शोधत बसू नका, ती अशी मधून मधून येत नाही.

घाटाचंही सांगतो. चोर्ल्यानं गोव्याकडं उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंजेक्टर पेट्रोल बंद करतो, तेव्हा कंप्रेसर चाकांच्या जोरावर फुकट चालतो. न्यूट्रल केलात तर तो फायदाही गेला आणि ब्रेकही तापले. येताना चढाला भरलेली गाडी दम टाकत असेल तर एसी दहा मिनिटं बंद ठेवा.

हे सगळे आकडे छोट्या पेट्रोल गाडीचे. मोठ्या डिझेलला एसी टक्क्यांत कमी जाणवतो. बेळगावच्या गर्दीत, मे महिन्यात, दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर टक्केवारी खूप वर जाते. अमेरिकेचं ऊर्जा खातंसुद्धा कडक उन्हात छोट्या फेऱ्यांना २५ टक्क्यांच्या वर फटका बसू शकतो असं सांगतं. त्या फेऱ्यांपुरते दाजी बरोबर, पण ते बोलत होते हायवेचं. आणि पावसाळ्यात, खानापूर-जांबोटीच्या पावसात, पुढची काच आतून धुरकट झाली की पेट्रोलचा हिशेब करायचा नाही. एसी चालू, हवा बाहेरची, झोत काचेवर. लहान मूल किंवा दम्याचं माणूस गाडीत असेल तरीही नाही.

दाजी हे वाचणार आहेतच, म्हणून त्यांच्यासाठी: येत्या रविवारी सकाळी काकतीच्या त्याच पंपावर या. पाहुणे घरी ठेवा, कोल्हापूरला जाऊन परत त्याच मशीनवर या, एसी चालू ठेवून. पुढच्या रविवारी तेच, बंद ठेवून. दोन्ही टाक्यांचे पैसे मी देतो.