पर्जन्यबाग की मोठा पाइप: हिशेब कसा मांडायचा

हजार चौरस मीटर पार्किंगचं पाणी मोठ्या पाइपने बाहेर काढायचं की पर्जन्यबागेत (पावसाचं पाणी साचवून जमिनीत जिरवणाऱ्या खोलगट बागेत) मुरवायचं, स्वस्त काय पडेल, असा प्रश्न आहे. नुसती दोन कोटेशनं शेजारी ठेवून ते कळत नाही.

आधी पाणी मोजा. १ मिमी पाऊस म्हणजे चौरस मीटरला १ लिटर. २५ मिमीची सर आली आणि दहावा हिस्सा जागीच जिरला, तरी २२.५ घनमीटर पाणी वाहतं. ६० चौ.मी.ची बाग धरू. वर १५ सेंमी पाणी साचायला जागा (९ घनमीटर), खाली ६० सेंमी भुसभुशीत माती (पोकळी २५ टक्के, म्हणजे आणखी ९), तळाला ३० सेंमी धुतलेली खडी (४० टक्क्यांनी ७.२). भागतं. जमीन तासाला १२ मिमी पाणी पीत असेल तर काठोकाठ भरलेली बाग ३५ तासांत रिकामी होते. पाणी ४८ तासांपेक्षा जास्त साचून राहू देऊ नका, डासांचा धोका वाढतो. हा वेग अंदाजाने लिहू नका: बागेच्या तळाइतक्या खोलीवर खड्डा घ्या, एकदा भरून मुरू द्या, पुन्हा भरून पातळी किती उतरते ते मोजा. वेग कमी भरला तर उरलेलं पाणी बाहेर न्यायला तळाशी सच्छिद्र पाइप लागेल, तो खर्च वेगळा.

आता पैसे. फरसबंदी तशीही करायचीच असेल, तर पाझर पेव्हरचा (पाणी झिरपू देणाऱ्या फरशीचा) फक्त जादा खर्च धरा. लाभात टळलेला पाइप आणि टळलेली साठवण टाकी धरा. पूर कमी झाला आणि जागेचे भाव वाढले, हे दोन्ही आकडे मात्र एकत्र लिहू नका; भाव बऱ्याचदा पूर कमी झाल्यानेच चढलेले असतात. पुढची बचत आजच्या पैशांत मांडताना धरलेला व्याजदर तपासा: २० वर्षांनी वाचणारे १०० आज ३ टक्क्यांनी ५५ भरतात, ८ टक्क्यांनी जेमतेम २१.

बाग बिघडते ती बहुधा बांधकामातच. रोलर फिरवून तळ घट्ट केला, किंवा वरच्या बाजूचं बांधकाम संपायच्या आत पाणी सोडलं आणि सगळा गाळ आत गेला, की मातीच बदलावी लागते. पाणी आत येतं त्या तोंडाशी गाळ अडवणारा खड्डा हवाच. चिकण मातीत थोडी वाळू मिसळण्याचा उपाय करू नका, उलट घट्ट होते.

खरी अडचण अशी की बराचसा लाभ उताराखालच्यांना मिळतो, खर्च तुमचा. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराने २०१० पासून बिगरनिवासी मिळकतींवर पाणी न मुरणाऱ्या क्षेत्रानुसार आकार लावायला सुरुवात केली आणि पाणी मुरवणाऱ्यांना त्यात सूट दिली, ती यासाठीच. तुमच्याकडे अशी सूट नसेल, तर त्या रकान्यात शून्य लिहा आणि मगच निर्णय घ्या.