गुरूने आपल्या हयातीत केलेली निवड

प्रश्न : शीख गुरूंची गादी वंशपरंपरेने चालत होती का? नांदेडला ती परंपरा का थांबली? – एक वाचक, परभणी

उत्तर : प्रारंभी तरी नाही. गुरू नानकांना श्रीचंद आणि लखमीदास असे दोन पुत्र असतानाही त्यांनी 1539 मध्ये करतारपूर येथे आपले शिष्य भाई लेहणा यांना ‘अंगद’ हे नाव देऊन उत्तराधिकारी नेमले, आणि परंपरा असे सांगते की त्यानंतर ते स्वतः या शिष्यापुढे नतमस्तक झाले. माझ्या मते या प्रसंगाचे सारे मोल या नमनात आहे. कारण जुन्या गुरूनेच हयातीत मान दिल्यावर नव्या गुरूचा अधिकार अनुयायांच्या मनात रुजणे सोपे होते. पुढे गुरू अंगदांनीही पुत्रांना बाजूला ठेवून, वयाने आपल्याहून मोठ्या असलेल्या अमरदासांना निवडले.

चौथे गुरू रामदास यांच्यापासून मात्र गुरुपद सोढी घराण्यातच राहिले. तरीही ज्येष्ठत्वाचा नियम नव्हता. 1581 मध्ये धाकटे पुत्र अर्जुनदेव गुरू झाले, तेव्हा थोरले पृथीचंद यांनी उघड विरोध केला.

दहावे गुरू गोविंदसिंग यांचे चारही पुत्र त्यांच्या हयातीतच मारले गेले होते. 1708 मध्ये नांदेड येथे त्यांनी कोणा व्यक्तीला न नेमता ग्रंथसाहिबालाच गुरुपद दिले. याच ग्रंथात आपल्या नामदेवांची 61 पदे आहेत.