खोगीर आणि त्यातली भरती

प्रश्न : माझ्या लेखातली दोन पानं संपादकांनी 'खोगीरभरती' म्हणून कापली. खोगीर म्हणजे घोड्याचं जीनच ना? मग त्यात भरती कसली?

उत्तर : कापलेल्या पानांबद्दल मी बोलत नाही, ती मी वाचलेली नाहीत. शब्दाचं तेवढं सांगतो.

आज आपण खोगीर आणि जीन एकच धरतो, आणि बोलण्यात ते खपतंही. मुळात खोगीर म्हणजे जिनाखालची गादी. फारसीत 'खोय' म्हणजे घाम आणि 'गीर' म्हणजे धरणारा. खोगीर म्हणजे घाम टिपणारं. अरबीत घामाला 'अरक' म्हणतात, म्हणून याच वस्तूला 'अरकगीर' असंही नाव आहे. (आपला औषधी अर्कही तिथलाच, थेंबथेंब पाझरलेला.)

घाम टिपायलाच हवा. चामडं ओल्या पाठीवर घासत राहिलं की आधी केस झडतात, मग कातडी सोलवटते आणि घोडा कामातून जातो. त्यासाठी पूर्वापार नमदा वापरतात. तो विणत नाहीत. लोकर भिजवून, दाबून, मळून एकजीव करतात. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे 30 टक्के ओल शोषते, तरी हाताला कोरडीच लागते. शिवाय कण्यावर भार नको, म्हणून त्याच्या दोन्ही अंगांना जाड उशी आणि मधे पन्हळ. त्या उशीत जे कोंबतात ती भरती.

उसवलेलं एक जुनं खोगीर मी हाताळलंय. वरून टाके कसे बेतशीर, आणि आत लुगड्याचा काठ, सुतळीचे तुकडे, गोणपाट, पिवळा पडलेला कापूस, त्यात सरकीसुद्धा! जे दिसणारच नाही तिथे चांगलं कापड कोण घालणार? 'जागा भरायला घातलेला माल' हा अर्थ त्यातूनच. उर्दूतही 'खूगीर की भरती' म्हणजे रद्दी माल, तेव्हा हा टोमणा एकट्या मराठीचा नाही. मला विचाराल तर भरतीवर थोडा अन्यायच झालाय. चिंध्या चालतात, पण एक गुठळी राहिली तरी पाठीला जखम होते.

'गीर'ची भावंडं आपल्याकडे बरीच आहेत. दिलगीर तर रोजचाच. 'बार' म्हणजे ओझं, म्हणून फारसीत बारगीर म्हणजे ओझ्याचं जनावर. मराठी फौजेत मात्र बारगीर झाला तो सरकारी घोड्यावरचा स्वार. पदरचा घोडा घेऊन येई तो शिलेदार.