चाळण नंतर, आधी सही कुणाची ते बघा

नववीतल्या मुलाने शाळेच्या सकाळच्या आरतीला डोक्यावर पिठाची चाळण घालून ‘शेवईदेवा’ची, म्हणजे अमेरिकेतल्या ‘स्पॅघेटी राक्षस’ या थट्टेतल्या देवाच्या देशी अवताराची, आरती म्हटली. मान्यताप्राप्त विनाअनुदानित शाळेने सात दिवसांत खुलासा मागितला. ‘हा मूलभूत हक्क आहे’ म्हणून वडिलांनी तो दिलाच नाही. आता मुलगा निलंबित, आणि ‘पुढे काय करता येईल?’ असे वडिलांनी पत्राने विचारले आहे. तपशील बदलून असे प्रश्न हल्ली बरेच येतात.

अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरचे तुमचे दीड पान बाजूला ठेवू. धार्मिक शिक्षणाला मनाई करणारे राज्यघटनेचे कलम २८(१) तुमच्या कामाचे नाही; ते पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांसाठी आहे. सगळे अडते २८(३)वर. मान्यताप्राप्त खासगी शाळेलाही उपासनेची सक्ती करता येत नाही, पण संमती असेल तर येते, आणि मूल अल्पवयीन असेल तर ती संमती पालकाची. तुम्हीच पाठवलेल्या प्रवेश अर्जाच्या मागच्या पानावर, ‘पाल्य दैनंदिन आरतीत सहभागी होईल’ या ओळीखाली तुमची सही आहे. न वाचता केली म्हणून ती पुसली जात नाही.

मात्र एकदा दिलेली संमती कायमची, असे कलमात कुठे म्हटलेले नाही. आजच मुख्याध्यापकांना लेखी कळवा की संमती मागे घेत आहोत. पोच शिक्क्यानिशी घ्या. नोटिशीचा खुलासा वेगळ्या कागदावर द्या, उशिराबद्दल दिलगिरीसह. झालेल्या प्रकाराला ही माघार लागू होईल, असे मला वाटत नाही. पुढच्या सकाळपासून होईल.

राष्ट्रगीत म्हटले नाही म्हणून शाळेने काढलेल्या केरळच्या मुलांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने १९८६मध्ये दिलेला निकाल तुम्ही दाखवता. ती मुले राष्ट्रगीताला अदबीने, गप्प उभी राहत. २०१३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ज्यांची बाजू घेतली, त्या नाशिकच्या शिक्षकानेही प्रार्थनेला हात जोडले नाहीत, एवढेच केले होते. तुमच्या चिरंजीवांनी रांगेत हशा पिकवला. शाळा शिस्तभंगच पुढे करील. अमेरिकेतल्या ज्या ‘स्पॅघेटी राक्षसा’वरून हे सुचले, त्याच्या कर्त्यानेही २००५मध्ये कॅन्ससच्या शिक्षण मंडळाला आधी पत्रच लिहिले होते.

आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायदा शाळेतून काढून टाकू देत नाही. नववीला ते कवच नाही. उच्च न्यायालयात रिट याचिका करता येईल, पण तारखा पडेस्तोवर पोरगा दहावी होऊन बाहेर पडेल.

राहता राहिला त्या आरतीचा व्हिडिओ. धार्मिक भावना दुखावल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९खाली टिकायला हेतुपुरस्सर दुष्ट बुद्धी दाखवावी लागते. शेवयांवरून ती दाखवणे अवघड, तरी तक्रार कुणीही देऊ शकतो. मुलगा अल्पवयीन आहे. सोसायटीच्या ग्रुपवर हसरे चेहरे टाकून तो व्हिडिओ पुढे पाठवणारे तुम्ही मात्र अल्पवयीन नाही. आणखी कुठे पाठवू नका.